राजीनाम्याचं कारण खोडू नकोस

भातसानगर, ता. शहापूर

चि. निखिल,

तुमच्या वाचनालयाचे अध्यक्ष असलेल्या सरांनी राजीनामा दिला आणि सचिव म्हणून ते निस्तरणं तुझ्या गळ्यात पडलं, हे कळलं. सर जे बोलले ते इथल्या कुठल्याही पाड्यावर ऐकायला मिळेल: भातसा धरणाचं पाणी मुंबईला आणि उन्हाळ्यात आपल्याला टँकर. धरण उशाला, कोरड घशाला. ते एका पक्षाच्या व्यासपीठावरून बोलले, एवढंच झोंबलं. त्यांचं मत बरोबर की चूक, यावर तुमच्या कार्यकारिणीने एक मिनिटही घालवू नये. विचारायचं ते इतकंच, की त्यांनी वाचनालयाचं लेटरहेड, सभागृह किंवा पद त्या कामाला लावलं का? नसेल लावलं, तर राजीनामा मागे घ्या असं त्यांना एकदा मनापासून सांगा. एकदाच. हारतुरे घेऊन घरी जाऊ नका.

नाही ऐकलं, तर पुढचं नीट कर. काही सभासद म्हणतायत ना, की इतिवृत्तात ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ लिहू, म्हणजे कुणाची शोभा नको? पाटबंधारे खात्याच्या कचेरीत माझी सगळी नोकरी आवक-जावक रजिस्टरावर गेली. असली बिघडलेली प्रकृती मी ढिगाने पाहिली आहे. आठवड्याने तोच माणूस शहापूरच्या बाजारात घासाघीस करताना दिसतो आणि लोक गालातल्या गालात हसतात. मग संस्थेचा खरा कागदही कुणाला खरा वाटत नाही.

सी. डी. देशमुखांचं बघ. कुलाब्यातून निवडून आलेले, देशाचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचं ठरलं, ते त्यांना पटलं नाही. १९५६ च्या जानेवारीत देऊ केलेला राजीनामा जुलैत मंजूर झाला. पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं. राजीनामा देणाऱ्या मंत्र्याला लोकसभेत उभं राहून आपलं निवेदन करता येतं. देशमुखांनी ते केलं, आणि भिडभाड न ठेवता केलं. पंतप्रधान नेहरूंनी मंत्रिमंडळाला न विचारता निर्णय घेतला, असं सभागृहात सांगितलं. मुंबईत निदर्शकांवर झालेल्या पोलिसी गोळीबाराची चौकशी मागितली. नेहरूंनीही उत्तर दिलं. दोन्ही बाजू सभागृहाच्या कामकाजात नोंदल्या गेल्या. आणि त्याच वर्षी देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. नेहरूंवर टीका करायची तेवढी करू, पण भांडून गेलेल्या माणसाला त्या सरकारने कामाबाहेर टाकलं नाही.

२०१९ च्या जानेवारीत यवतमाळला याच्या उलट झालं. ९२ व्या मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाला लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि विरोध होताच निमंत्रण मागे घेतलं. ते कोणाच्या सांगण्यावरून, यावर आयोजक आणि साहित्य महामंडळ एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. संमेलन तोंडावर असताना महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी पद सोडलं. बोलावलेल्या पाहुणीला नको म्हणणं गैर, हे संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनी भाषणात सांगितलं, म्हणून थोडी तरी अब्रू राहिली. माणसं गेली, निमंत्रण गेलं, आणि निर्णय कुणाचा हे आजही ज्याला त्याला आपापल्या सोयीने सांगता येतं. वेळच्या वेळी एक ठराव लिहिला असता तर?

तेव्हा सभेत सरांचं पत्र जसंच्या तसं वाच. एक शब्द गाळू नकोस, तुला बोचणाराही नाही. त्यांना बोलायचं असेल तर आधी त्यांना बोलू दे, मग चर्चा. आभाराचा ठराव दोन ओळींचा पुरे. त्यात त्यांच्या मताशी संस्था सहमत नाही वगैरे शेपूट जोडायचा आग्रह कुणीतरी धरेल, तो मानू नकोस. संस्थेला पाण्यावर मत नसतं, सभासदांना असतं. त्यांचं सभासदत्व आहे तसंच राहील. पुस्तकांची खरेदी तेच बघत होते ना? त्यांची तयारी असेल तर ती समिती त्यांच्याकडेच ठेवा. ज्यांना ते शेजारी बसलेले चालणार नाहीत, त्यांनी तसं लेखी द्यावं; मला वाटतं, कुणी देणार नाही.

नवा अध्यक्ष होईपर्यंत तुमच्या घटनेप्रमाणे काम कुणाकडे जातं ते आधी वाचून घे. ट्रस्ट नोंदलेला आहे, तेव्हा बदल झाल्यापासून ९० दिवसांत ठाण्याला धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागेल. त्याला राजीनाम्याची आणि ठरावाची प्रत लागते. दोन्हींत कारण वेगळं निघालं तर वकील पहिला प्रश्न तोच विचारेल.

सभेची नोटीस टाइप झाली की मला पाठव. वाटण्याआधी एकदा नजर टाकते.

तुझी,
आत्या