किनाऱ्यावरील काळ्या वाळूचा उगम

रत्नागिरी जिल्ह्यातील काळबादेवी, नेवरे, मालगुंड या गावांच्या किनाऱ्यांवर काळ्या वाळूचे थर आढळतात. या वाळूतील प्रमुख जड खनिज इल्मेनाइट हे होय. लोह व टायटॅनियम यांचे हे ऑक्साइड असून त्यापासून रंग, कागद व प्लॅस्टिक उद्योगांना लागणारे पांढरे रंगद्रव्य तयार होते. ही वाळू आली कोठून, हा प्रश्न केवळ भूवैज्ञानिकांचा नाही. उपसलेली वाळू पुन्हा भरून येईल काय, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

गारगोटीच्या कणांचे विशिष्ट गुरुत्व २.६५, तर इल्मेनाइटचे सुमारे ४.७ असते. परतणारी लाट हलके कण ओढून नेते व जड कण मागे राहतात. अर्थात लाट केवळ निवड करते. खनिजांचे मूळ खडकांतच शोधावे लागते.

त्यासाठी नदीपात्र, खाडी, पुळण व समुद्रतळ येथील नमुने घेतात. ब्रोमोफॉर्म या द्रवात गारगोटी तरंगते, जड खनिजे बुडतात. मॅग्नेटाइट साध्या चुंबकाने वेगळे होते. उरलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखले जातात.

उगमाचा खरा पुरावा सोबतच्या खनिजांत असतो. रत्नागिरीच्या वाळूतील मॅग्नेटाइट व ऑजाइट ही बेसाल्टची खनिजे आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसापासून बनलेला सह्याद्रीचा हा काळा कातळ व त्यावरील जांभा झिजून ती नद्यांवाटे समुद्रास मिळाली. याउलट केरळातील चवरा येथील वाळूत इल्मेनाइटसोबत सिलिमनाइट, झिरकॉन व थोरियमयुक्त मोनाझाइट आढळते. तेथील उगम खोंडालाइट, चार्नोकाइट यांसारख्या अतिप्राचीन खडकांत आहे. तेव्हा काळी दिसणारी प्रत्येक वाळू थोरियमची खाण नव्हे.

उगमाबरोबर काळही पाहावा लागतो. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. त्या काळी साचलेला गाळ आज पाण्याखाली आहे. पातळी वाढत असता लाटा अशा गाळाचा काही अंश किनाऱ्याकडे लोटतात. म्हणजे पुळणीतील साठा नदीच्या चालू आवकीचा असेल, तसाच हजारो वर्षांच्या शिलकीचाही असू शकेल. त्यातच नद्यांवरील धरणे वाळू अडवितात.

पुळण व तिच्यामागील वाळूच्या टेकड्या उधाणापासून गावाचे रक्षण करतात. म्हणून उत्खननाचा प्रस्ताव पुढे आल्यास साठा किती आहे एवढेच विचारून भागणार नाही; दरवर्षी नवी वाळू किती येते, याची मोजणी ग्रामपंचायतीने प्रथम मागावी.