पंख्याचं आमिष : बास माशासाठी पाण्यावरचा टर्बाईन कसा निवडावा?

प्रोपेलर म्हटलं की मेकॅनिकलच्या पोरांना फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर आठवतो आणि बाकीच्यांना जहाज. पण अमेरिकेत याच प्रोपेलरचा एक इंचभर अवतार मासे पकडायला वापरतात. लाकडाचं किंवा प्लॅस्टिकचं माशाच्या आकाराचं तरंगतं आमिष, त्याच्या शेपटीला (कधी नाकालाही) पत्र्याचा छोटा पंखा आणि पोटाखाली तीन तोंडांचे गळ. दोरी ओढली की पंखा फिरतो, पाणी फुर्रकन उडतं आणि खालून बास येऊन झडप घालतो. आपल्याकडून दरवर्षी एम.एस.साठी तिकडे जाणारे बरेच आहेत. अभ्यासातून वेळ मिळाला आणि तळ्याकाठी जायची बुद्धी झाली, तर दुकानातल्या शेकडो आमिषांतून कोणतं उचलायचं, हे कळावं म्हणून हा प्रपंच.

आधी गिऱ्हाईक ओळखा

लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला शिकारी मासा. पाणवनस्पती, बुडालेलं झाड, धक्क्याची सावली अशा ठिकाणी दबा धरून बसतो. तो किती मोठा होतो? १९३२ साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी याने २२ पौंड ४ औंसांचा (सुमारे १० किलो) बास पकडला. त्या विक्रमाची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडलं आणि तीही जपानच्या बिवा सरोवरात, मानाबू कुरिता याच्या गळावर.

पृष्ठभागावरचं आमिष बासला खालून दिसतं, म्हणजे उजळ आकाशासमोरची काळी आकृती. म्हणून पाठीवरच्या सुंदर नक्षीचं गिऱ्हाईक मासा नसून आपण असतो! माशासाठी पोटाचा रंग आणि बाह्याकृती महत्त्वाची. दुसरं म्हणजे माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना 'पार्श्वरेषा' असते. तिच्यामुळे त्याला जवळच्या पाण्याची हालचाल कळते, विशेषतः साधारण शे-दोनशे हर्ट्‌झच्या खालची कंपनं. पंख्याचं काम नेमकं इथेच आहे.

हा प्रोपेलर नव्हेच!

जहाजात इंजिन पंखा फिरवतं आणि पंखा पाणी ढकलतो. इथे उलटं आहे. आपण दोरी ओढतो आणि पाणी पंखा फिरवतं. म्हणजे नाव प्रोपेलर, काम टर्बाईनचं. हे लक्षात आलं की निवडीची निम्मी उत्तरं आपोआप मिळतात.

समजा पंख्याची पिच (एका फेरीत पुढे सरकण्याचं अंतर) ३ सेंमी आहे आणि आपण १५ सेंमीचा झटका दिला. घसरण धरली नाही तर फेऱ्या = १५ ÷ ३ = ५. झटक्याचा वेग सेकंदाला ३० सेंमी असेल तर सेकंदाला १० फेऱ्या, आणि पाती दोन, म्हणून सेकंदाला २० ठोके, म्हणजेच २० हर्ट्‌झ. प्रत्यक्षात घसरणीमुळे आकडा कमी येईल, पण तो पार्श्वरेषेच्या टप्प्यातच राहतो.

आता पातं किंचित पिरगळलं तर? पाण्याच्या प्रवाहाला ते जितकं आडवं, तितकी पिच कमी आणि तेवढ्याच अंतरात फेऱ्या जास्त. पण अगदी सपाट केलंत तर फिरवणारा जोरच उरत नाही आणि पंखा ठप्प. म्हणून पक्कडीने अगदी थोडं वळवायचं आणि प्रत्येक वेळी पाण्यात ओढून बघायचं. विकत घेताना एक सोपी चाचणी करा. पंख्यावर हळूच फुंकर मारा. गरगर फिरला तर घर्षण कमी, आमिष ठीक. अडकत असेल तर वायर वाकलेली आहे किंवा पातं अंगाला घासतंय.

जाती तीन

१) मागे एक पंखा : हेडन कंपनीचं 'टायनी टॉर्पेडो' हे याचं नेहमीचं उदाहरण. लांबी जेमतेम दोन इंच, वजन पाव औंस. नाक मोकळं असल्यामुळे झटक्याला थोडं इकडे-तिकडे वळतं. आवाज बेताचा. ही हेडन कंपनी मूळची मिशिगन राज्यातल्या डोवाजियाक गावची. जेम्स हेडन याने लाकडाचा तुकडा तळ्यात फेकला आणि बासने तो उडवला, त्यातून धंदा सुचला, अशी आख्यायिका तिकडे सांगतात.

२) पुढे-मागे दोन पंखे : स्मिथविकचं 'डेव्हिल्स हॉर्स' हे लांब, सडपातळ, लाकडी आमिष. दोन पंख्यांचा अडथळा जास्त, म्हणून प्रत्येक झटक्याला आवाज मोठा पण पुढे सरकणं कमी. हा गुण फार मोलाचा. मासा एका झुडपाखाली आहे असा अंदाज असेल, तर त्याच्या डोक्यावरून आमिष न हलवता जास्तीत जास्त वेळ गोंगाट करता येतो.

३) फिरती शेपटी : 'व्हॉपर प्लॉपर' हे लॅरी डालबर्ग यांच्या कल्पनेतून आलेलं आमिष. यात पत्र्याचा पंखा नाही, अख्खी मऊ शेपटीच फिरते आणि 'प्लॉप प्लॉप' करते. झटके द्यायचे नाहीत, सरळ गुंडाळत राहायचं. मोठं पाणी पटापट चाळायला उत्तम. नावापुढचा आकडा (९०, ११०, १३०) म्हणजे मिलिमीटरमधली लांबी.

यात 'बझबेट' धरू नका. त्यालाही पंखा असतो, पण ते तारेचं असतं आणि थांबलं की बुडतं. वरच्या तिघांची खरी ताकद थांबूनही तरंगण्यात आहे.

कुठलं, केव्हा?

- पाणी आरशासारखं शांत आणि स्वच्छ : लहान, एका पंख्याचं. इथे मोठा आवाज म्हणजे लायब्ररीत ढोल.
- वाऱ्याने लाटा किंवा गढूळ पाणी : दोन पंख्यांचं किंवा फिरत्या शेपटीचं. लहानाचा आवाज लाटांत हरवतो.
- पाण्याचं तापमान : साधारण १५-१६ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावरच पृष्ठभागाचा विचार करा. थंडीत मासा सुस्त असतो, वर येत नाही.
- वेळ : पहाट, संध्याकाळ, ढगाळ दिवस. अंधुक उजेडात काळा रंग चालतो, आकृती ठसठशीत दिसते.
- दाट गवत : पंखाही नको आणि तीन तोंडांचे गळही नकोत, दोन्ही अडकतात. गवतातल्या मोकळ्या वाटा आणि कडा निवडा.

दोरीही मटेरियल सायन्सच

फ्लुरोकार्बनची घनता १.७८ च्या आसपास. ती बुडते आणि आमिषाचं नाक खाली ओढते. पॉलिइथिलीनची विणलेली दोरी ०.९७, म्हणजे तरंगते. पण ती लुळी असल्याने पुढच्या पंख्यात गुंतते. नायलॉन १.१४, बुडते पण हळू, आणि थोडी ताठ असते. म्हणून अनेक जण विणलेल्या दोरीला पुढे हात-दीड हात नायलॉन जोडतात. एक पंखा मागे असेल तर गुंत्याची भीती कमी.

वापर

फेकल्यावर लगेच ओढू नका. उठलेली वर्तुळं विरू द्या. मग एक छोटा झटका, पुन्हा थांबा. बरेचदा मासा थांबलेल्या आमिषावरच येतो. आणि सगळ्यात अवघड भाग : पाणी फुटलेलं दिसलं की हात आपोआप काठी खेचतो. खेचायची नाही! काठीवर वजन जाणवेपर्यंत कळ काढायची, नाहीतर आमिष माशाच्या तोंडातून निसटतं आणि मोकळे गळ आपल्याच दिशेने येतात. डोळ्यांवर चष्मा हवाच.

आणि एक महत्त्वाचं

वसंतात अंडी घातल्यावर नर बास घरट्याची आणि पिल्लांची राखण करतो. पंख्याच्या आवाजावर तो चटकन चिडतो, म्हणून या काळात ही आमिषं फार चालतात. पण नर जागेवरून हलला की ब्लूगिलसारखे छोटे मासे अंडी साफ करायला टपलेलेच असतात. तेव्हा एकतर घरट्यावर गळ टाकूच नका, किंवा मासा तिथल्या तिथे मिनिटभरात परत सोडा. गळाचे उलटे काटे आधीच पक्कडीने दाबून ठेवले तर सोडवणं सोपं जातं. आणि त्या राज्याचा मासेमारीचा परवाना काढल्याशिवाय काठी बाहेर काढू नका. विद्यार्थी आहे, माहीत नव्हतं, हे कारण चालत नाही.

शिवाय हाच मासा दुसऱ्या देशात गुन्हेगार ठरतो. जिथे विक्रमाची बरोबरी झाली त्या बिवा सरोवरात पकडलेला बास परत सोडायला २००३ पासून बंदी आली, कारण बाहेरून आणलेल्या बासने तिथले मूळचे मासे फस्त केले. अमेरिकेत सोडणं हा शहाणपणा, जपानात तोच अपराध. उजनीच्या कोळ्यांना चिलापीबद्दल विचारा, म्हणजे परक्या माशाचा अर्थ कळेल. तिकडचं आमिष हौसेने आणा, मासा मात्र तिकडेच राहू द्या.

व्हायवासाठी प्रश्न

१) दोन पंख्यांचं आमिष एका झटक्यात कमी का सरकतं?
२) पिच निम्मी केली तर ठोक्यांची वारंवारता किती होईल? घसरण धरल्यास?
३) मोकळा फिरणारा पंखा दोरीला पीळ का देत नाही? (सूचना : घर्षण, आणि पोटाखाली लोंबणाऱ्या गळांचं वजन.)

उत्तरं पाठ करू नका. बादलीभर पाणी, पत्र्याचा तुकडा आणि सायकलची तार घेऊन करून बघा. वर्कशॉपमध्ये एवढं सामान नक्की मिळेल.