पोरी, काँक्रीटचं वय सगळे मोजतात

साकीनाक्याच्या तयार काँक्रीटच्या (आरएमसी) प्लांटवर पगार काढायचं काम मिळालं म्हणून पेढे दिलेस, आता आत्याची बडबडही ऐकून घे. भांडुप-मुलुंडच्या पट्ट्यात मी पंचवीस वर्षं मिक्सरच्या ड्रायव्हरांचे पगार काढले, आधी लाल वहीत आणि मग संगणकावर. चुका दोन्हीकडे सारख्याच केल्या, संगणकावरच्या फक्त जास्त नीटनेटक्या दिसायच्या.

१. पहिल्याच आठवड्यात एक रात्र गेटवरच्या केबिनमध्ये काढ — गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांना बंदी असते म्हणून स्लॅब रात्री भरतात, आणि खरं मस्टर तिथे लिहिलं जातं. डबा घेऊन जा, त्या वेळी टपरीवर वडापावही मिळत नाही.

२. रिकामी गाडी परत येऊन ड्रम धुतला जाईपर्यंत ड्रायव्हर कामावर असतो, हे सॉफ्टवेअरला आधी शिकव — चलानावर शेवटची वेळ माल उतरल्याची असते, आणि आमचं यंत्र तिथेच घड्याळ बंद करायचं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१६ पासूनच्या सरकारी कंत्राटांवर काँक्रीट पोचवणाऱ्या ड्रायव्हरांना सरकारने ठरवलेला दर द्यावा लागतो, आणि प्लांटवर माल घेण्यापासून परतीच्या फेरीपर्यंत सगळं त्यात धरलंय. आपला माणूसही पवईला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर अडकतो तेव्हा काही तलाव बघायला थांबलेला नसतो.

३. साइटवर थांबण्याच्या वेळेला वेगळा रकाना दे — गाडी भरल्यापासून दोन तासांत माल उतरावा असं भारतीय मानक ४९२६ सांगतं, त्यामुळे पंप बिघडला की काँक्रीटचं वय सगळे मोजतात, ड्रायव्हरचे तास कुणी मोजत नाही. ते तू मोज.

४. शिफ्ट ज्या तारखेला सुरू झाली, त्याच तारखेवर पूर्ण ठेव — रात्री नऊला आत आलेला माणूस सकाळी आठला बाहेर पडला, तर माझं सॉफ्टवेअर बाराच्या ठोक्याला त्याचे दोन तुकडे करायचं. इकडे तीन तास, तिकडे आठ, ओव्हरटाइम शून्य! तीन महिने मला पत्ताच नव्हता. मग एका वयस्क ड्रायव्हरने काही न बोलता आपली खिशातली वही टेबलावर ठेवली. त्यात फेरीफेरीची वेळ होती, पेन्सिलीने. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असतो, म्हणजे मी त्याचे किती बुडवले ते तूच काढ. तेव्हापासून मी म्हणते, चुकीचं मस्टर आणि नासकं दूध, दोन्ही तापवल्यावरच कळतं.

५. १ जानेवारी आणि १ जुलै या तारखा मोबाइलात लावून ठेव — किमान वेतनावरचा विशेष भत्ता महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे वर्षातून दोनदा बदलतो, आणि परिपत्रक कधीकधी मागाहून येतं. मी एकदा जुलैचा दर गणपतीत भरला. फरकाची रक्कम देताना साहेबांचा चेहरा विसर्जनाच्या मिरवणुकीत मागे राहिलेल्या पोरासारखा झाला होता.

६. ड्रायव्हरला 'अकुशल'च्या खान्यात टाकू नकोस — जड वाहनाचा परवाना काढायला त्याची वर्षं गेलीत. आपला प्लांट कोणत्या रोजगाराच्या सूचीत आणि कोणत्या परिमंडळात बसतो, तेही वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात विचारून लेखी घे. शेजारच्या प्लांटची एक्सेल शीट उतरवलीस तर त्यांच्या चुकाही उतरतील.

७. मूळ वेतन, विशेष भत्ता, घरभाडे, ओव्हरटाइम आणि ट्रिपचे पैसे वेगवेगळे दाखव — सगळं एका गोल आकड्यात कोंबलं की किमान वेतन मिळालं की नाही ते कुणालाच दिसत नाही. भत्ते फुगवून मूळ वेतन बारीक ठेवायची युक्ती कुणी सुचवेलच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत, वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले की वरचा भाग वेतनातच धरतात.

८. उचल देताना तिथल्या तिथे नोंद कर — एका महिन्यात सगळी कपात मिळून वेतनाच्या निम्म्याहून जास्त करता येत नाही, आणि जूनमध्ये शाळेच्या फीसाठी घेतलेली उचल ऑगस्टमध्ये कुणालाच नीट आठवत नाही.

९. फेब्रुवारीत व्यवसाय कर दोनशेऐवजी तीनशे कापला जातो, ते आधीच सांगून ठेव — शंभर रुपयांसाठी गेटवर तासभर भांडण झालेलं मी पाहिलंय.

१०. ठेकेदाराच्या गाड्यांवरच्या ड्रायव्हरांची पगारपत्रकंही दर महिन्याला मागून घे — त्याने पैसे थकवले तर कायदा मूळ मालकाच्या, म्हणजे आपल्याच दारात येतो. "देतो ना ताई" हा शब्द फाइलला लावता येत नाही.

११. जीपीएस आणि मस्टर यांची जुळणी दर शनिवारी कर, महिनाअखेरीला नाही — ड्रम थांबला की माल घट्ट, हिशेब थांबला की भांडण घट्ट. जीपीएस म्हणतं गाडी बोरिवलीत, मस्टर म्हणतं ड्रायव्हर रजेवर. असं दिसलं तर आधी ड्रायव्हरला विचार. बहुतेक वेळा त्याने कुणाच्या तरी बदली गाडी नेलेली असते आणि ते लिहायचं राहिलेलं असतं.

१२. नोकरी सोडणाऱ्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत दे — गावाला निघालेल्या माणसाच्या हातात गाडीचं तिकीट असतं.

१३. सात तारखेच्या आत पगार जमा झाला की पगाराची स्लिप मराठीत किंवा हिंदीत छापून तूच वाट — मोबाइलवर पाठवलेली पीडीएफ कुणी उघडत नाही. एकेकाला बसवून ओव्हरटाइमची ओळ बोटाने दाखव. कुणी खिशातून पेन्सिलीने लिहिलेली वही काढली, तर चहा सांग आणि दोन्ही शेजारी ठेवून बघ.