आठवड्याचे वीस तास

पालकहो,

तुमची लेक किंवा तुमचा मुलगा येत्या सप्टेंबरात एमएस्सीसाठी इंग्लंडला निघणार असेल, तर सध्या घरात रोज रात्री जेवणं झाली की एकच हिशेब चालू असणार. फी किती, व्हिसा किती, बँक किती देतेय, मामाने किती देऊ केलेत. बेरीज काही पुरी पडत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "उरलेलं तिकडे पार्टटाइम करून काढेल की. सगळीच मुलं काढतात." सगळ्यांना हायसं वाटतं आणि वही मिटते.

त्या एका वाक्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. मी बरीच वर्षं लेस्टरला राहते. गावात दोन विद्यापीठं आहेत, त्यामुळे आपल्याकडची मुलं दर वर्षी येतात आणि त्यातली काही रविवारी आमच्याकडे वरणभात खायला येतात. जेवण झाल्यावर ती जे बोलतात, ते घरच्या फोनवर बोलत नाहीत. आईला झोप लागणार नाही म्हणून बोलत नाहीत. ते तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून लिहिते आहे.

मुलांनी काम करू नये, असं मी मुळीच म्हणणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या महाराष्ट्राला 'कमवा आणि शिका' नव्याने सांगायची गरज नाही. रयत शिक्षण संस्थेत अंगमेहनत करून शिकलेल्या मुलांनी पुढे घरंच्या घरं वर काढली. पण तिथे काम देणारी आणि शिकवणारी संस्था एकच होती. मुलाची परीक्षा कधी, त्याला ताप कधी आला, हे तिला माहीत असायचं. इथल्या गोदामातल्या सुपरवायझरला तुमच्या मुलाची परीक्षा कधी आहे हे माहीत नसतं आणि ते विचारायचं त्याला कारणही नसतं. कर्मवीरांच्या कल्पनेच्या जवळ जाणारी कामं इथे विद्यापीठाच्या आतच असतात: ग्रंथालयात, विद्यार्थी संघाच्या कॅफेत, नाहीतर प्रवेश घेऊ पाहणाऱ्यांना कॅम्पस दाखवण्याची. ती थोडी आणि मागणारे पुष्कळ. तरी पहिला अर्ज तिथेच करायला सांगा.

आता नियम. पदवी किंवा त्यावरचं शिक्षण पूर्णवेळ घेणाऱ्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास काम करता येतं. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि रविवारी संपतो. गेल्या आठवड्यात दहाच तास मिळाले म्हणून या आठवड्यात तीस केले, असं चालत नाही. दोन ठिकाणी काम असेल तर दोन्हीकडचे तास एकत्र मोजतात. भारतातल्या कंपनीचं काम खोलीत बसून लॅपटॉपवर केलं, तर तेही यातच धरलं जातं. हे बऱ्याच घरांना माहीत नसतं, कारण 'पगार तर पुण्यातच जमा होतोय' असं वाटतं.

त्याहून कमी घरांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे स्वयंरोजगाराला या व्हिसावर पूर्ण बंदी आहे, अगदी एका तासाचीही परवानगी नाही. आई मोठ्या प्रेमाने सुचवते, "तुझं गणित चांगलं आहे, दोन मुलांच्या शिकवण्या घे." खासगी शिकवणी म्हणजे स्वयंरोजगार. ओळखीच्यांना वेबसाइट करून देणं, यूट्यूबच्या जाहिरातींचे पैसे घेणं, गणपतीत ऑर्डर घेऊन मोदक विकणं, सगळं त्यातच येतं. ॲपवरून घरोघरी जेवण पोचवणारा सायकलस्वारही बहुतेक वेळा कंपनीचा नोकर नसतो, स्वतःचा व्यवसाय करणारा धरला जातो. म्हणून मुलं दुसऱ्याच्या नावाचं खातं भाड्याने घेतात आणि पावसात, अंधारात पिशवी पाठीवर टाकून निघतात. अपघात झाला तर त्या रस्त्यावर तो मुलगा काम करत होता असं कुठल्याच कागदावर नसतं. "मित्राच्या अकाउंटवर डिलिव्हरी करतोय" असं तुमचा मुलगा सहज बोलून गेला, तर तो फोन लगेच ठेवू नका. ते काम त्याच दिवशी बंद करायला सांगा.

आणखी एक गैरसमज उन्हाळ्याचा. घरी वाटतं, मे संपला की सुट्टी लागणार आणि सुट्टीत पूर्णवेळ काम करायला परवानगी आहे. पदवीच्या मुलांना ते लागू आहे. एका वर्षाच्या एमएस्सीला मात्र जून ते सप्टेंबर प्रबंध लिहायचा असतो आणि साधारणपणे तो काळ सत्रातच मोजतात. त्या मुलांना खऱ्या सुट्ट्या नाताळच्या आणि ईस्टरच्या, एवढ्याच. प्रत्येक विद्यापीठाच्या तारखा निराळ्या असतात, नोकरी देणारा त्या लेखी मागतो. त्याखेरीज पूर्णवेळ काम करता येतं ते अभ्यासक्रम अधिकृतपणे संपल्यावर, व्हिसाचे उरलेले महिने. उन्हाळ्यात फीचा शेवटचा हप्ता कमवून भरू, अशी आखणी करून आलेली मुलं ऐन प्रबंधाच्या दिवसांत कोंडीत सापडतात.

आता पैशांचं बघू. एप्रिल २०२६ पासून एकवीस आणि त्यापुढच्या वयाच्या कामगाराला इथलं किमान वेतन ताशी १२.७१ पाउंड आहे. वीस तासांचे २५४ पाउंड होतात. एका पाउंडाचे एकशे वीस रुपये धरले की आठवड्याला तीस हजार रुपये. नातेवाईक इथवर येऊन थांबतात आणि तोंडात बोट घालतात. पण मुलगा खर्च रुपयांत करत नाही. वर्षभर एकही आठवडा न चुकता पूर्ण वीस तास मिळाले, तरी महिन्याला साधारण अकराशे पाउंड होतात. आणि व्हिसा देताना ब्रिटिश सरकारच सांगतं की लंडनबाहेर राहायला महिन्याला १,१७१ पाउंड आणि लंडनमध्ये १,५२९ पाउंड हाताशी दाखवा. म्हणजे दर आठवड्याला पूर्ण वीस तास काम केलं, तरी खोलीभाडं, किराणा आणि बसचा पास एवढंही पुरतं भागत नाही. फी तर फार लांब राहिली. कर्जाचा हप्ता तर त्याहून लांब.

शिवाय पूर्ण वीस तास कोण देतं? बरीच कामं 'झिरो अवर' कराराची असतात. मालकाला गरज असेल तेव्हा तो बोलावणार. डिसेंबरात दुकानं गजबजतात तेव्हा काम, जानेवारीत फोनच येत नाही. आल्या आल्या तर बँक खातं, नॅशनल इन्शुरन्स नंबर, मुलाखती, नकार, यातच आठवडे जातात. निदान पहिले चार महिने एक पाउंडही मिळणार नाही असं धरूनच पैसे द्या.

आणि आता ज्यासाठी एवढं लिहिलं, ते सांगते. विसावा तास संपल्यावर एकविसावा तास मुलगा का करतो? चैनीसाठी करणारा मी क्वचित पाहिला आहे. बहुतेक वेळा त्या तासामागे घरून आलेला एखादा फोन असतो. कुणी त्याला दरडावलेलं नसतं. बाबा एवढंच म्हणालेले असतात, "या महिन्यात व्याजाचं जरा जड जातंय." किंवा, "शेजारच्यांचा मुलगा दोन लाख पाठवतो म्हणे." आई विचारते, "काम मिळालं का रे?" आणि ते आठवड्यातून तीनदा विचारते. तुमच्या मनात काळजी असते, त्याच्या कानावर वसुली पडते. काही खासगी वित्तसंस्था शिक्षण चालू असतानाच व्याज भरायला लावतात, त्याचा संदेश त्याच्याही मोबाइलवर येतो. मग कुणीतरी सांगतं, अमुक ठिकाणी रोखीने काम आहे, कागद नाही, किती तास करायचे ते कर.

रोखीच्या कामात मालक किमान वेतन देत नाही, आणि कागदच नसल्यामुळे तुमचा मुलगा ते मागू शकत नाही. महिनाभर राबवून पैसे बुडवले, तर तक्रार करायला तो घाबरतो, कारण तक्रार केली की त्याचे स्वतःचे जास्तीचे तास उघडे पडतील अशी त्याला भीती असते. मालक हे पुरतं ओळखून असतो. ऑस्ट्रेलियात २०१५ साली सेव्हन-इलेव्हन या दुकानसाखळीचं प्रकरण पत्रकारांनी बाहेर काढलं, तेव्हा नेमकं हेच दिसलं. अनेक दुकानांत परदेशी विद्यार्थ्यांकडून, त्यात भारतीय मुलं पुष्कळ होती, दुप्पट तास काम करून घ्यायचं, नोंद निम्मीच करायची, आणि कुणी तोंड उघडलं तर "तुझा व्हिसा मोडलाय, कळवू का?" म्हणून धमकवायचं. पुढे कंपनीला पंधरा कोटी डॉलरहून जास्त रक्कम कामगारांना परत करावी लागली. त्यांच्यामागे वृत्तपत्रं उभी राहिली, देशभर गाजावाजा झाला, म्हणून ते पैसे मिळाले. लेस्टरच्या एखाद्या गल्लीतल्या किचनमध्ये भांडी घासणाऱ्या एकट्या मुलामागे कुणीही नसतं.

कागदावर काम करून तास ओलांडले तरी सुटका नाही. पगाराची नोंद प्रत्येक वेळी करखात्याकडे जाते आणि गृहखात्याला ती पाहता येते. बेकायदा काम दिल्याचं सिद्ध झालं तर मालकाला पहिल्याच वेळी माणशी ४५ हजार पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो, म्हणून चांगल्या कंपन्या स्वतःच काटेकोर असतात. विद्यार्थ्याचा व्हिसा रद्द होऊ शकतो. तो रद्द झाला की पदवी अर्धवट राहते, फी गेलेली असते, शिकून झाल्यावर इथे काम करण्याचा ग्रॅज्युएट व्हिसाही हातचा जातो, आणि पुढे अनेक देशांच्या अर्जांवर 'आधी व्हिसा नाकारला वा रद्द झाला आहे का' या रकान्यात 'हो' लिहावं लागतं. आठ-दहा जास्तीच्या तासांसाठी ही फारच मोठी किंमत आहे.

कामाच्या लाजेविषयीही बोलायला हवं. केअर होममध्ये म्हाताऱ्या माणसांना उठवणं-बसवणं, त्यांना स्वच्छ करणं, हॉटेलच्या खोल्या आवरणं, गोदामात रात्रभर खोकी भरणं, ही कामं मुलं करतात आणि घरी सांगताना "कस्टमर सर्व्हिसमध्ये आहे" म्हणतात. लोक काय म्हणतील ही भीती त्यांनी तुमच्याकडूनच घेतलेली असते. ती काढून टाका. केअर होममध्ये एखाद्या परक्या आजीला भरवणारी आपली मुलगी मी पाहिली आहे. तिच्या आईवडिलांनी ते पाहिलं असतं तर त्यांना अभिमानच वाटला असता. घरी खरं बोलता आलं की धोक्याचंही खरं बोललं जातं: रात्रपाळीनंतर सकाळचं लेक्चर चुकतंय, मालक पगारपत्रक देत नाही, जेवण नीट होत नाही. हजेरी घसरली की विद्यापीठाला ते गृहखात्याला कळवावं लागू शकतं, ही गोष्ट मुलं लपवतात ती लाजेपोटीच.

फोनवर काय विचारावं? किती कमावलंस, हे विचारू नका. या आठवड्यात किती तास झाले, पगारपत्रक मिळालं का, रजेचे पैसे धरले का, हे विचारा. पार्टटाइम कामगारालाही इथे भरपगारी रजेचा हक्क आहे आणि नवी मुलं तो सर्रास सोडून देतात. पैसे अडकले तर आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षात जायला सांगा. पगाराच्या तक्रारीसाठी एकॅस ही सार्वजनिक संस्था फोनवर फुकट सल्ला देते. खर्चच भागत नसेल तर अनेक विद्यापीठांकडे अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी छोटा निधी असतो. तो मागण्यात कमीपणा नाही.

पैसे कमी असताना परदेशी शिकणं आपल्याकडे नवं नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून परत यावं लागलं. त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे बाजूला टाकले, नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतलं आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. तिथेही ओढग्रस्तीतच राहिले, पण दिवस ग्रंथालयात घालवता आला. कमाई आधी आणि अभ्यास नंतर, हा क्रम त्यांनी निवडला होता.

म्हणून तुमची हिशेबाची वही पुन्हा उघडा. पूर्ण फी, वर्षभराचं राहणं-खाणं आणि शिक्षण चालू असताना भरायचं व्याज, हे सगळं मुलाच्या कमाईचा एकही रुपया न धरता जमत असेल, तर त्याला निर्धास्त पाठवा आणि तो जे कमावेल ते त्याचं त्याला राहू द्या. जमत नसेल तर कमी फीचं विद्यापीठ पाहा, शिष्यवृत्त्यांचे अर्ज भरा, आणि तेही झालं नाही तर एक वर्ष थांबा. मिळालेला प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलायला बरीच विद्यापीठं परवानगी देतात. फीची पहिली रक्कम भरण्याआधी ईमेल करून तेवढं विचारून घ्या.