टबीथाची सुई

आजचं वाचन: प्रेषितांची कृत्ये 9:36-42

यापोच्या टबीथाचं एकही भाषण बायबलमध्ये नाही. तरी लूक तिला 'शिष्या' म्हणतो. मूळ ग्रीकमधला हा स्त्रीलिंगी शब्द नव्या करारात फक्त तिच्यासाठीच आला आहे.

ती वारली तेव्हा लोदहून पेत्राला बोलावलं. माडीवर विधवा रडत होत्या आणि त्याला दाखवत काय होत्या? तिने केलेले अंगरखे आणि कपडे!

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये बसतं, तेच काम आमच्याकडे मोजलं जातं. नव्या मुलाला तासभर शांतपणे समजावणं त्यात कुठेच बसत नाही. मग 'माझा देवाला काय उपयोग?' हेसुद्धा आपण त्याच फॉर्मवर तपासायला लागतो. टबीथाच्या कामाची नोंद मात्र त्या विधवांकडे होती, आणि देवाकडे.

आज एक करू या. उशिरा येणाऱ्या रूममेटसाठी जेवण झाकून ठेवू या, आजारी शेजाऱ्याची औषधं आणून देऊ या. पण स्टेटसला टाकायचं नाही हं!

प्रार्थना: प्रभू येशू, माझ्या हातात तू कोणती सुई दिली आहेस, ते मला आज दाखव. आमेन.