मोजल्याशिवाय सुई नाही

मधुमेहाच्या जोडीला मला टेस्टोस्टेरॉनची कमतरता निघाली. आमच्या नागपुरात या विषयावर माणसं एकतर कुजबुजतात, नाहीतर थट्टा करतात. उपचार घेताना जे कळलं, ते मांडतो.

१. भिंतीवरच्या जाहिरातीला भुलू नका. लैंगिक ताकदीच्या औषधांच्या जाहिरातींना १९५४च्या कायद्याने बंदी आहे. तरी भिंती रंगतातच. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत ओपीडी आहे, तिथे जा.

२. तक्रार नेमकी सांगा. इच्छाच आटली, पहाटेची ताठरता थांबली, तर संशय टेस्टोस्टेरॉनवर जातो. इच्छा आहे पण ताठरता टिकत नाही, तर आधी साखर, रक्तदाब आणि तंबाखूचा खर्रा यांकडे बघतात. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांहून बारीक, त्यामुळे बिघाड तिथे आधी दिसू शकतो. म्हणून माझा ईसीजीही काढला.

३. रक्त सकाळी द्या, उपाशीपोटी. हे हार्मोन सकाळी सर्वाधिक असतं आणि खाल्ल्यावर उतरतं. तर्री-पोहे नंतर. वेगळ्या दिवशी पुन्हा तपासतात. दोन्ही वेळा आकडा डेसिलिटरमागे साधारण ३०० नॅनोग्रॅमच्या खाली आणि सोबत लक्षणं, तरच उपचाराचं बोलणं.

४. कारण विचारा. वृषणांना चालना देणारं पिट्युटरीचं हार्मोन, एलएच, वाढलेलं असेल तर दोष वृषणात. नसेल तर पिट्युटरीकडे बघतात, प्रोलॅक्टिन तपासतात. सुटलेलं पोटही टेस्टोस्टेरॉन खाली ओढतं. मला अंबाझरी तलावावरच्या फेऱ्या औषधांआधी सांगितल्या.

५. मूल हवं असेल तर आधी सांगा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू वृषणांना हुकूम देणं थांबवतो. शुक्रजंतू घटतात, कधी शून्यावर येतात. शरीर कमावायला ही सुई घेणाऱ्या जिममधल्या पोरांनी हे खास ऐकावं.

६. सुई सुरू झाली तरी मोजणं चालूच. रक्त दाट होऊ शकतं. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर उपचार थांबवतात. प्रोस्टेटसाठीच्या पीएसए तपासणीवरही नजर असते. माझी इच्छा काही आठवड्यांत परतली. ताठरतेला मात्र वेगळी गोळी लागली. हृदयासाठी नायट्रेट घेणाऱ्याने ती गोळी घ्यायची नाही.

७. बायकोला सोबत न्या. “अहो, घोरता घोरता तुमचा श्वास अडकते, ते सांगा ना,” ही डॉक्टरांसमोरच बोलली. अशा माणसाला टेस्टोस्टेरॉन जपून द्यावं लागतं. सुई पुढे ढकलली गेली आणि आधी झोपेची तपासणी झाली. मी ते कधीच सांगितलं नसतं. झोपलेल्याला आपलं घोरणं कुठे ऐकू येतं!