चमचा बाबांच्याच हातात का?

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ७१) पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात पार लुळा पडला होता, आता मनगट आणि बोटं थोडी हलतात. तिसऱ्या आठवड्यात वॉर्डातल्या सिस्टरनी मला त्यांना भरवू दिलं नाही. जाड मुठीचा चमचा त्यांच्या उजव्या हातात दिला आणि शेजारी उभ्या राहिल्या. निम्मा भात अंगावर सांडला, बाबांचे डोळे भरून आले. मी चिडले तर म्हणाल्या, "ताई, आम्हाला हेच शिकवलंय." आजारी माणसाला असं तिष्ठत ठेवायचं, ही कुठली शिकवण?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तुमचा राग समजतो. पण त्या सिस्टरचं बरोबर होतं, आणि त्यांनी तुमच्या बाबांसाठी जास्तीचे कष्ट घेतले. भरवून मोकळं होणं केव्हाही झटपट होतं. लुळ्या हाताचा घास तोंडापर्यंत पोहोचेतो पलंगापाशी उभं राहायला भरल्या वॉर्डात वेळ काढावा लागतो. कामचुकार बाईने चमचा तुमच्या हाती देऊन पाठ फिरवली असती.

त्या ज्या शिकवणीबद्दल बोलल्या, तिची सुरुवात दोन अमेरिकन परिचारिकांपासून सांगता येते. व्हर्जिनिया हेंडरसन यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला परिचर्येची व्याख्या केली. अंगात ताकद, मनात इच्छा आणि पुरेशी माहिती असती तर रुग्णाने जे स्वतः केलं असतं, त्यात त्याला मदत करायची. आणि ती अशा रीतीने की लवकरात लवकर त्याला आपली गरज उरू नये. पुढे डोरोथिया ओरेम यांनी १९७१च्या पुस्तकात याच दिशेने 'स्वतःची काळजी स्वतः' हा अख्खा सिद्धान्त उभा केला. त्यांनी तीन पायऱ्या मांडल्या. रुग्ण काहीच करू शकत नसेल तर सगळं सिस्टरने करायचं. थोडं जमत असेल तर दोघांनी वाटून घ्यायचं. बरंचसं जमत असेल तर सिस्टरने शिकवायचं आणि धीर द्यायचा. तुमचे बाबा पहिल्या पायरीवरून दुसरीवर आले होते. खालच्या पायरीची सेवा वरच्या पायरीवरच्या माणसाला देत राहिलं तर तो तिथेच अडकतो, हे या सिद्धान्ताचं खरं मर्म आहे.

अडकतो म्हणजे नेमकं काय होतं, याचं उत्तर मानसशास्त्राकडून आलं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. एडवर्ड टॉब हे वर्तनाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ. त्यांनी माकडांच्या एका हाताच्या संवेदना नेणाऱ्या नसा तोडल्या. हालचालीच्या नसा शाबूत होत्या, तरी माकडं तो हात वापरेनात. मग चांगला हात बांधून ठेवला, तर त्याच 'निकामी' हाताने ती खाणं उचलू लागली. (या प्रयोगांची किंमत जनावरांनी मोजली. १९८१ मध्ये टॉब यांच्या मेरीलँडमधल्या प्रयोगशाळेवर पोलिसांचा छापा पडला आणि प्राण्यांच्या हालांवरून मोठं वादळ उठलं. तेही विसरू नये.) टॉब यांनी लावलेला अर्थ असा : सुरुवातीच्या दिवसांत दुखावलेला हात खरोखरच चालत नाही. प्रयत्न केला की फजिती होते, चांगल्या हाताने केलं की काम फत्ते होतं. असं काही आठवडे चाललं की तो हात न वापरण्याची सवयच जडते. पुढे आतून थोडी ताकद परत येते, पण ती कुणी अजमावूनच पाहत नाही.

चांगला हात अडवून दुबळा हात वापरायला लावण्याची माणसांवर मोठी चाचणी अमेरिकेत झाली आणि तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण घेतले होते. त्यातल्या एका गटाच्या चांगल्या हाताला दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक वेळ, जाड मोजा घातला आणि दुबळ्या हाताकडून रोज कसून सराव करून घेतला. वर्षभरानंतरही या गटाचा हात नेहमीचे उपचार घेतलेल्या गटापेक्षा चांगला चालत होता. मात्र निवडलेल्या सगळ्यांचं मनगट आणि बोटं थोडी तरी उचलली जात होती. हात पूर्ण निर्जीव असेल तर हा उपाय लागू पडत नाही.

घाईही नको. २०१५ मध्ये दोन हजारांहून जास्त रुग्णांवरच्या एका अभ्यासात दिसलं की झटक्यानंतर चोवीस तासांच्या आत रुग्णाला वारंवार आणि जास्त वेळ उठवलं-चालवलं, तर तीन महिन्यांनी परिणाम उलट थोडे वाईट येतात. शिवाय गिळणं तपासल्याखेरीज तोंडाने घास देणं धोक्याचं असतं, कारण अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. म्हणून तिसऱ्या आठवड्यातला चमचा योग्य. पहिल्या दिवशी तोच अयोग्य ठरला असता.

आता बाबांच्या डोळ्यांतल्या पाण्याबद्दल. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की 'मला हे जमेल' हा विश्वास सर्वांत जास्त बळावतो तो स्वतः करून जमल्याच्या अनुभवाने. तोंडी धीर त्यापेक्षा खूपच कमी पडतो. पण सुरुवातीलाच निव्वळ अपयश पदरात पडलं तर हाच विश्वास खचतो. म्हणून चमचा पहिल्यांदा हातात देताना सुट्या भातापेक्षा चमच्याला चिकटून राहील असा घट्ट शिरा किंवा मऊ खिचडी द्यायला हवी होती. पलंगाभोवती पडदा ओढायला हवा होता. चार-पाच घास झाल्यावर, हात थकला की, उरलेलं तुम्हाला भरवू द्यायला हवं होतं. आणि हे सगळं आधी तुम्हाला समजावून सांगायला हवं होतं. आपल्याकडच्या वॉर्डात रुग्णाची निम्मी शुश्रूषा नातेवाईकच करतात. ओरेम यांनीही घरच्यांनी करायच्या देखभालीला आपल्या सिद्धान्तात जागा दिली आहे. एका सिस्टरवर खूप पलंगांचा भार असतो, हे मला मान्य आहे. तरी दोन मिनिटांचं बोलणं राहून गेलं आणि तुमच्या मनात अढी बसली.

घरी न्याल तेव्हा बाबांची कामं सिस्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून तीन गटांत लिहून घ्या : कोणतं तुम्ही करायचं, कोणतं दोघांनी मिळून, कोणतं फक्त बाबांनी. दर पंधरा दिवसांनी ती यादी पुन्हा दाखवा. जेवताना टॉवेल मांडीवर ठेवा, घाई करू नका, आणि सांडलेलं त्यांच्यासमोर लगेच पुसायला धावू नका.